घरातले मांजर

‘मांजर पाळले’ असे आपण सहज म्हणतो. पण हा शब्द मांजराच्या बाबतीत अर्धाच खरा आहे. माणसाने धान्य साठविले, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे पश्चिम आशियातील रानमांजर आपल्या पायांनी वस्तीत आले. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेले, सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे मांजर सापडल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. इतका दीर्घ सहवास घडूनही त्याचा शिकाऱ्याचा पिंड फारसा पालटलेला नाही. तो ओळखून वागावे, एवढेच आम्हांला येथे सांगावयाचे आहे.

प्रथम आहार पाहू. मांजर डोळे मिटून दूध पिते, ही म्हण आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, दूधभात हाच त्याचा आहार असे आपण समजतो. वस्तुतः बहुतेक वाढलेल्या मांजरांना दुधातील साखर नीट पचत नाही. मांजर पूर्णतः मांसाहारी आहे. मांसमासळीत असणारे टॉरीन नावाचे द्रव्य त्याला मिळाले नाही, तर दृष्टी जाते आणि हृदयाचे स्नायू दुबळे होतात. घर शाकाहारी असेल, तर मांजर आणण्यापूर्वीच याचा विचार केलेला बरा.

आता त्याच्या ‘खोड्या’. ते कोच ओरबाडते, ते आपल्याला चिडविण्यासाठी नव्हे. त्यायोगे नखांवरचे जुने कवच गळते, अंग ताणले जाते आणि पंजातील ग्रंथींचा गंध तेथे लागून जागेवर आपली खूण राहते. तेव्हा रट्टा देण्यापेक्षा, काथ्याची दोरी गुंडाळलेला एक पक्का, उंच खांब कोचाजवळच उभा करावा. पहाटे ते घरभर धावते, कारण पहाट आणि तिन्हीसांज या त्याच्या शिकारीच्या वेळा. रात्री निजण्यापूर्वी दोरीला पीस बांधून त्याला खेळवावे, शेवटी ते पकडू द्यावे आणि मग खाऊ घालावे. शिकार, भोजन, झोप हा त्याचा स्वाभाविक क्रम आहे.

वाड्यात माळा, परसू, कौले होती. मांजर आपली सोय आपणच पाही. चौथ्या मजल्यावरील दोन खोल्यांत ती सोय आपण करावयाची. बसायला उंच फळी, लपायला खोका, बाहेर पाहायला जाळी लावलेली खिडकी आणि जेवणाच्या जागेपासून दूर, रोज साफ केलेले वाळूचे घमेले, एवढ्याने पुष्कळ साधते.

मात्र प्रत्येक गोष्ट खोडी समजू नये. एखादा बोका पुनःपुन्हा घमेल्यात बसतो, कुंथतो, पण मूत्र थेंबभरच होते किंवा होतच नाही. आपण म्हणतो, ‘घाण करायला शिकला.’ खरे पाहता त्याचा मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो आणि दोन-तीन दिवसांत ते त्याच्या जिवावर बेतते. उद्यावर न टाकता तडक पशुवैद्य गाठावा. घरातली पॅरासिटामॉलची गोळी तर कधीच देऊ नये. मांजराला ती विष आहे.

मांजर दुखणे लपविते. म्हणून त्याच्या रोजच्या वागण्याकडे आपले लक्ष हवे. वागणे बदलले की रागावण्याआधी कारण शोधावे. आपल्या घरात त्याने मांजर म्हणूनच राहावे, यातच त्याचे सुख आहे आणि आपलेही.