टायरमधील हवा आणि मोटारीचा तोल

वेगवान मोटार म्हटली की प्रथम तिच्या इंजिनाची अश्वशक्ती विचारली जाते. परंतु ती शक्ती रस्त्यावर उतरते ती चार टायरांच्या जेमतेम तळहाताएवढ्या भागांवरून. हे भाग रस्त्याला सतत टेकलेले राहावेत, हेच सस्पेन्शनचे खरे काम. प्रवाशाचे सुख त्यानंतरचे. खड्ड्याचा धक्का स्प्रिंग सोसते, तिचे झोके शॉक अ‍ॅब्सॉर्बर आवरतो. टायरमधील हवा ही तर पहिली स्प्रिंगच होय!

१९६३ साली प्रथम लोकांपुढे आलेल्या जर्मनीच्या पोर्शे ९११ चे उदाहरण घेऊ. हिचे इंजिन मागील आसाच्याही मागे असते. त्यामुळे सुमारे ६० टक्के भार मागच्या चाकांवर पडतो. वळणावर चालकाने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला, तर भार पुढे सरकतो, मागच्या टायरांची पकड सुटते व मागची बाजू बाहेर फेकली जाते. हा दोष कमी व्हावा म्हणून १९६८ मध्ये पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर ५७ मिलिमीटरने वाढविण्यात आले.

म्हणूनच येथे चारही चाकांत सारखी हवा चालत नाही. १९९७ साली आलेल्या ‘९९६’ या आवृत्तीत पुढे ३६ व मागे ४४ पौंड हवा सांगितलेली आहे. मागे ती कमी पडली, तर टायरच्या बाजू वाकतात, टायर तापतो आणि वळणावर मोटार डगमगते.

हवा मोजावी ती टायर थंड असताना. धावून तापलेल्या टायरात दाब वाढलेला दिसतो. तो पाहून हवा सोडली, तर टायर निवाल्यावर ती अपुरी ठरते. एवढी मौल्यवान मोटार आणि तिच्यातील माणसे अखेर विसंबून असतात ती या फुकटच्या हवेवर!