आंतरराष्ट्रीय माहिती सिद्धान्त परिसंवाद

आंतरराष्ट्रीय माहिती सिद्धान्त परिसंवाद हे माहिती सिद्धान्त या विषयातील संशोधकांचे प्रमुख वार्षिक अधिवेशन आहे. 'आय-ट्रिपल-ई' या संस्थेची माहिती सिद्धान्त शाखा ते भरवते. अधिवेशन दरवर्षी वेगळ्या शहरात, सहसा जून-जुलैमध्ये होते. त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'आयसिट' असेही म्हणतात.

पार्श्वभूमी

क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधातून माहिती सिद्धान्ताचा पाया घातला गेला. संदेश वाहून नेणाऱ्या प्रत्येक वाहिनीला ठरावीक क्षमता असते. संदेशाचा वेग त्या क्षमतेपेक्षा कमी असेल, तर गोंगाट असूनही चुकांचे प्रमाण हवे तितके कमी करता येते, असे त्यांनी सिद्ध केले. मात्र हे साधणारी व्यवहार्य संकेतप्रणाली कशी रचावी, हे त्या सिद्धतेतून कळत नव्हते. पुढील अनेक दशके हा प्रश्न संशोधकांसमोर राहिला.

स्वरूप

अधिवेशनासाठी आलेल्या शोधनिबंधांचे तज्ज्ञांकडून परीक्षण होते आणि निवडलेले निबंध तेथे सादर केले जातात. संकेतन, माहितीचे संक्षेपण, गुप्तता, पुंज माहिती व यंत्र-अध्ययन हे त्यांतील काही विषय होत. सुरुवातीच्या काळात अधिवेशन दरवर्षी होत नसे. कोविडच्या साथीमुळे २०२० आणि २०२१ ची अधिवेशने ऑनलाइन झाली.

शॅनन व्याख्यान

या क्षेत्रातील सर्वोच्च सन्मान मानल्या जाणाऱ्या शॅनन पुरस्काराचे मानकरी अधिवेशनात व्याख्यान देतात. पहिले व्याख्यान १९७३ मध्ये इस्रायलमधील अश्कलोन येथे स्वतः शॅनन यांनी दिले. पुण्यात जन्मलेले व तेथेच अभियांत्रिकीची पदवी घेतलेले थॉमस कैलाथ हे २००० चे मानकरी होत.

महत्त्व

तुर्की संशोधक एर्दाल आरिकान यांनी २००८ च्या टोरांटो अधिवेशनात 'ध्रुवीय संकेत' मांडले. एकाच वाहिनीच्या अनेक वापरांची विशिष्ट जोडणी केली, की त्यांतून काही जवळजवळ निर्दोष, तर काही जवळजवळ निरुपयोगी वाहिन्या तयार होतात. माहिती फक्त निर्दोष वाहिन्यांतून पाठवायची, ही त्यामागील कल्पना. वाहिन्यांच्या एका मोठ्या वर्गासाठी शॅननची मर्यादा व्यवहार्य रीतीने गाठता येते, असे आरिकान यांनी गणिताने सिद्ध केले. १९४८ च्या प्रश्नाला साठ वर्षांनी मिळालेले हे उत्तर पुढे पाचव्या पिढीच्या मोबाइल सेवेतील नियंत्रण-संदेशांसाठी स्वीकारले गेले. आरिकान यांना २०१९ चा शॅनन पुरस्कार मिळाला.