सिद्धतेची तयारी

गणिताची स्पर्धा म्हटली की भराभर आकडेमोड करणारा मुलगा आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु एक स्पर्धा अशी आहे की तिच्यात घाईला काडीची किंमत नाही. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड १९५९ साली रुमानियात सुरू झाले. भारताचा संघ तेथे प्रथम १९८९ साली गेला, आणि १९९६ साली तर ही स्पर्धा मुंबईतच भरली. दोन दिवस, रोज साडेचार तास आणि प्रश्न केवळ तीन. प्रत्येकाला सात गुण. नुसते उत्तर लिहून भागत नाही. ते तसेच का, हे सिद्ध करावे लागते.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. गणित जे काही शिकलो ते ग्रंथालयातल्या पुस्तकांतून, जमेल तसे. तरी या विषयावर बोलतो, कारण 'कशावरून?' हा प्रश्न आमच्या रोजच्या कामातला आहे. करारात 'सर्व कामगारांना' असे कलम असेल, तर दहा जणांच्या पगारपत्रिका बरोबर दाखवून ते पाळले गेले असे ठरत नाही. अकरावा एकच वंचित निघाला तरी कलम मोडले.

गणितातही हेच. एक संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्यात ती संख्या मिळवा, वर ४१ मिळवा. १ घेतल्यास ४३, २ घेतल्यास ४७, ३ घेतल्यास ५३; सर्व मूळ संख्या. ३९ पर्यंत दर वेळी मूळ संख्याच येते. कोणीही म्हणेल, नियम सापडला! पण ४० घेताच १६८१ येतात, आणि ते म्हणजे ४१ गुणिले ४१. ओळीने ३९ साक्षीदार अनुकूल असूनही दावा खोटा ठरला.

मग सिद्धता कशी असते? या सभागृहात ५० माणसे आहेत असे धरा. सभेपूर्वी काहींनी एकमेकांशी हस्तांदोलन केले. एका जोडीचे एकदाच मोजायचे. साध्य असे की, निदान दोघांच्या हस्तांदोलनांची संख्या सारखी असलीच पाहिजे. कोण कोणास भेटले हे आपणांस ठाऊक नाही. तशी जरुरीही नाही. प्रत्येकाची संख्या ० ते ४९ यांपैकी कोणतीही असेल, म्हणजे शक्यता ५०. परंतु ज्याची संख्या ४९ त्याने सर्वांशी हात मिळवला. मग ० संख्येचा माणूस तेथे उरेल कसा? तेव्हा ० आणि ४९ एकाच सभेत येऊ शकत नाहीत. निरनिराळ्या संख्या फार तर ४९, माणसे ५०. म्हणून एक संख्या दोघांच्या वाट्यास येणारच. येथे एकही फट उरली नाही.

याची तयारी शंभर प्रश्नांची उत्तरे पाठ करून होत नाही. एकच प्रश्न घेऊन चार दिवस बसावे. ५० माणसे जड वाटली तर प्रथम दोन, मग तीन, मग चार घेऊन पाहावे. पक्ष काय आणि साध्य काय, हे वेगळे लिहून काढावे. वाट सापडली की पूर्ण वाक्यांत सिद्धता लिहावी, आणि मित्राच्या हाती द्यावी. त्याने प्रत्येक ओळीला 'कशावरून?' विचारावे. 'हे उघडच आहे' असे जेथे लिहिले असेल, तेथे आधी बोट ठेवावे. चूक बहुधा तेथेच दडलेली असते.

हंगेरीत १८९४ साली दॅनियल अरान्य या शिक्षकाने शाळकरी मुलांसाठी गणिताचे मासिक काढले. त्यात प्रश्न छापायचे, मुलांनी टपालाने सिद्धता पाठवायच्या, आणि उत्तम सिद्धता पाठवणाऱ्याच्या नावानिशी छापायच्या, अशी पद्धत होती. त्याच वर्षी तेथे शाळा संपवलेल्या मुलांची स्पर्धाही सुरू झाली. पुढे विमानविद्येत कीर्ती मिळवणारे थिओडोर फॉन कारमान हे तिचेच एक विजेते. लहान गावातल्या मुलालाही एका टपाल तिकिटात तेथे प्रवेश होता.

आमच्या मते मुद्दा येथेच आहे. या स्पर्धेला लागते कागद, पेन्सिल आणि चिकाटी. तरीही तिची वाट शिकवणीची फी भरणाऱ्यांनाच ठाऊक असावी, हे बरे नव्हे. भारतातील निवडीच्या फेऱ्यांची व्यवस्था मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पाहते. जुने प्रश्न कोणासही मिळू शकतात. नगरवाचनालयाने आठवड्यातून एक संध्याकाळ एक टेबल आणि एक फळा द्यावा. नगरपालिकेच्या शाळेतली मुलगी आणि वकिलांचा मुलगा तेथे समोरासमोर बसोत, आणि एकमेकांस 'कशावरून?' विचारोत. त्यांतले कोणी स्पर्धेत निवडले जाईल, न जाईल. पण पुढे कोणी मोठ्या हुद्द्याचा माणूस पुराव्याशिवाय काही सांगू लागला, तर ही मुले त्यालाही तोच प्रश्न विचारतील. गावाला तेवढा लाभ पुष्कळ आहे.