हायब्रिड गाडी घेताय? आधी हिशोब, मग बुकिंग



आपल्या एका सभासदाचा मुलगा हैदराबादला गच्चीबावलीत नोकरीला आहे. त्याला दसऱ्याला गाडी घ्यायचीय. पैसे निम्मे वडिलांचे, म्हणजे बोटीच्या कमाईचे. मारुतीची ग्रँड विटारा की टोयोटाची हायरायडर, यावर घरात वाद. वडील दोन्ही कोटेशनं घेऊन ऑफिसात आले. आम्ही जो हिशोब मांडला तो सगळ्यांच्या उपयोगाचा, म्हणून इथे देतोय.

पहिली गोष्ट, या दोन गाड्या म्हणजे एकाच कारखान्यातल्या दोन होड्या. 2022 साली दोन्ही बाजारात आल्या, बंगळुरूजवळ बिडदीला टोयोटाच्या कारखान्यात बनून. स्ट्राँग हायब्रिडमध्ये दोघींना तेच दीड लिटरचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. फरक तोंडवळ्यात आणि कुठल्या मॉडेलात काय सोयी मिळतात त्यात. त्यामुळे आपल्या गावापासून कुठलं सर्व्हिस सेंटर जवळ, ते आधी बघा.

खरा प्रश्न दुसराच आहे: स्ट्राँग हायब्रिड घ्यायची की स्वस्तातली माइल्ड हायब्रिड? स्ट्राँग हायब्रिड ट्रॅफिकमध्ये बॅटरीवर चालते, ब्रेक मारला की बॅटरी भरते, प्लग लावायचा नाही. माइल्डमध्ये बॅटरी इंजिनाला नुसता हातभार लावते.

कंपनीच्या दाव्याप्रमाणे स्ट्राँग लिटरला सुमारे 28 किलोमीटर देते, माइल्ड मॅन्युअल सुमारे 21. रस्त्यावर दोन्ही कमीच मिळतात. तरी तेच आकडे धरू. वर्षाला 12,000 किलोमीटर रनिंग असेल तर साधारण 143 लिटर पेट्रोल वाचतं. लिटरला 105 रुपये धरले तर 15,000 रुपये. किमतीत दोन लाखांचा फरक असेल तर तो फिटायला तेरा वर्षं! रनिंग 30,000 असेल तर साडेपाच वर्षांच्या आत फिटतो. हैदराबादच्या गर्दीत रोज ऑफिसला जाणाऱ्याला फायदा जास्त, आउटर रिंग रोडवर एकसारख्या वेगात पळवली तर कमी.

आता आपल्या कामाचं. स्ट्राँग हायब्रिडची मोठी बॅटरी डिकीखाली असते. म्हणून डिकी 265 लिटर, माइल्डमध्ये 373. पोराकडे जाताना सुरमई-पापलेटचा थर्माकोल बॉक्स आपण नेतोच. बर्फाचं खारं पाणी डिकीत सांडलं तर काय होईल ते सांगायला नको. बॅटरीला आठ वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी आहे, पण पाणी शिरून झालेलं नुकसान त्यात धरतात का, ते कागदावर वाचून घ्या. बॅटरीला हवा जायची जाळी कुठे आहे तेही दाखवायला सांगा, तिच्यावर सामान ठेवू नका.

शेवटचं, पासिंग. गाडी हैदराबादला घेऊन दोन-तीन वर्षांनी गावी आणायचा बेत असेल तर सावध. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांवर ठेवली की नवा नंबर घ्यावा लागतो. तिकडची एनओसी, इकडचा टॅक्स, आणि तिकडे भरलेल्याचा परतावा मागायला वेगळा अर्ज. गाडी जिथे राहणार तिथलंच पासिंग करा.

आमच्या सभासदाने काय ठरवलं? मुलगा तिकडेच राहणार, रोज ट्रॅफिकमध्ये, म्हणून त्याला स्ट्राँग हायब्रिड, हैदराबाद पासिंग. वडिलांचा बॉक्स यापुढे ट्रॅव्हल्सने जाईल!

कोणाला हिशोब मांडायचा असेल तर ऑन-रोड किमतीची दोन्ही कोटेशनं घेऊन ऑफिसात या.

आपला,
सचिव