गाडीचे ब्रेक बोलतात, आपण ऐकता का?

सुट्टी जवळ आली की घराघरांत प्रवासाची लगबग सुरू होते. मुलांचे कपडे, खाऊचे डबे, आजीची औषधे, सारे आठवणीने बॅगेत भरले जाते. गाडी धुऊन-पुसून चकचकीत होते, टाकी भरते, चाकांत हवा भरून घेतली जाते. पण ब्रेक पॅड किती उरले आहेत, हे फारच थोड्या घरांत पाहिले जाते. ‘गाडी थांबते आहे ना, मग ब्रेक ठीकच असणार,’ अशी आपली समजूत असते.

ही समजूत धोक्याची आहे. झिजलेले पॅडसुद्धा बरेच दिवस गाडी थांबवत राहतात. गल्लीबोळातल्या वेगाला ते पुरतात. त्यांची खरी परीक्षा होते ती भरल्या गाडीने घाट उतरताना, किंवा महामार्गावर अचानक कुणी आडवे आल्यावर. आणि त्या परीक्षेच्या वेळी गाडीत आपले सारे कुटुंब बसलेले असते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पीयूसी तपासणीत फक्त धूर तपासला जातो, ब्रेक नाहीत. खासगी गाडीची नोंदणी साधारणपणे पंधरा वर्षांसाठी असते आणि तिच्या नूतनीकरणाच्या वेळीच गाडीची सरकारी तपासणी होते. म्हणजे तोपर्यंत ब्रेकची काळजी सर्वस्वी आपल्यावरच असते.

पॅड म्हणजे नेमके काय?

चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरत असते. ती डिस्क. पेडल दाबले की दोन्ही बाजूंनी दोन पॅड तिला चिमटीत धरतात आणि घर्षणाने गाडी थांबते. पॅडच्या मागे लोखंडी पट्टी असते आणि तिच्यावर घर्षणाचा थर बसवलेला असतो. खोडरबराप्रमाणे हा थर प्रत्येक ब्रेकला थोडाथोडा झिजतो. झिजणे हेच त्याचे काम आहे.

ब्रेक दाबल्यावर गाडीचा भार पुढे येतो. त्यामुळे पुढच्या चाकांचे पॅड सहसा लवकर झिजतात. अनेक छोट्या गाड्यांत पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. ड्रमच्या आत पॅडऐवजी शू असतात. तेही झिजतात, म्हणून पुढचे पाहताना मागचे विसरू नये.

आवाज ओळखायला शिका

“अहो, ब्रेक लावला की गाडी कुईकुई करतेय.”

“धूळ बसली असेल गं, जाईल आपोआप.”

हा संवाद कितीतरी गाड्यांमध्ये होत असतो. कधी धूळ खरेच असतेही. पावसात किंवा धुतल्यानंतर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर हलका गंज चढतो. सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकला घासल्याचा आवाज येतो आणि मग थांबतो. त्याची चिंता नको.

पण दिवसभर, प्रत्येक ब्रेकला तीच बारीक किणकिण किंवा कुईकुई येत असेल, तर दुर्लक्ष करू नये. अनेक पॅडना एक छोटी धातूची पट्टी मुद्दाम बसवलेली असते. थर संपत आला की ती डिस्कला घासून आवाज करते. ही कारखान्यानेच ठेवलेली सूचना आहे.

ती सूचना ऐकली नाही, तर पुढे ‘खर्रर्र’ असा जाड आवाज येऊ लागतो. याचा अर्थ थर संपला आणि लोखंडावर लोखंड घासू लागले. आता गाडी थांबायला जास्त अंतर घेते, शिवाय डिस्कवर चरे पडतात. पॅडच्या खर्चात भागणारे काम डिस्क बदलण्यापर्यंत जाते.

काचा बंद, एसी आणि गाणी सुरू असली की यातले काहीच ऐकू येत नाही. म्हणून महिन्यातून एकदा सारे बंद करून काचा खाली घ्याव्यात. रिकाम्या रस्त्यावर कंपाउंडच्या भिंतीलगत हळू गाडी चालवून हलकेच ब्रेक लावावा. भिंतीवर आपटून आवाज स्पष्ट कानावर येतो.

इतर खुणा

गाडी एका बाजूला ओढत असेल, तर एका चाकाचा ब्रेक अडकत असण्याची शक्यता असते. पेडल किंवा स्टिअरिंग थरथरत असेल, तर डिस्क तपासून घ्यावी. पेडल स्पंजासारखे मऊ लागत असेल किंवा खोल जात असेल, तर तो पॅडचा नव्हे, ब्रेक ऑइल गळण्याचा किंवा नळीत हवा शिरल्याचा दोष असू शकतो. अशा गाडीने गॅरेजपर्यंत जाण्याचेही धाडस करू नये, मेकॅनिकला घरी बोलवावे.

पॅड झिजले की ब्रेक ऑइलची पातळीही हळूहळू उतरते. ती दिसताच नुसते ऑइल ओतून मोकळे होऊ नये. आधी पॅड पाहावेत. हँडब्रेक पूर्ण सोडूनही लाल दिवा जळत असेल, तर गाडी बाजूला थांबवणेच शहाणपणाचे.

किलोमीटर नव्हे, मिलिमीटर मोजा

“किती किलोमीटरला पॅड बदलायचे?” हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे एकच उत्तर नाही. शहराच्या गर्दीत क्षणोक्षणी ब्रेक दाबणाऱ्याचे पॅड लवकर संपतात, मोकळ्या महामार्गावर चालणाऱ्याचे दुप्पटही टिकू शकतात. खरे उत्तर थराच्या जाडीत आहे. नव्या पॅडचा थर साधारण 8 ते 12 मिलिमीटर असतो. तो 3 मिलिमीटरवर आला की पॅड बदलावेत. मुलांच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर तीन बारीक रेघा, एवढेच ते माप आहे. लोखंडी पट्टीची जाडी त्यात धरू नये.

दर सर्व्हिसिंगला चाक काढून माप घ्यायला सांगावे आणि ते बिलावर लिहून घ्यावे. समजा, 20,000 किलोमीटरला थर 8 मिलिमीटर होता आणि 30,000ला 5 उरला. म्हणजे 10,000 किलोमीटरमध्ये 3 मिलिमीटर झिजला. आता 3 वर यायला साधारण साडेसहा हजार किलोमीटर आहेत. पुढच्या सुट्टीचा लांबचा प्रवास यात बसतो का, हे घरबसल्या कळते.

आतला आणि बाहेरचा, दोन्ही पॅड पाहावेत. आतला अनेकदा जास्त झिजतो आणि बाहेरून तो दिसत नाही.

घाटात काय होते?

वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते आणि ब्रेक दाबल्यावर तिची उष्णता बनते. पातळ पॅडमधून ही उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत लवकर पोचते. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते. जुने, ओलावलेले ऑइल तापून उकळले की नळीत बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ जाते. म्हणूनच अनेक गाड्यांत ते सुमारे दोन वर्षांनी बदलायला सांगतात.

बोरघाट असो, कसारा असो की मसुरीचा रस्ता, ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरावे. गाडी न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून कधीही उतरू नये. एप्रिल 2019पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले. पण एबीएस चाके जाम होऊ देत नाही, संपलेल्या पॅडची भरपाई करत नाही. विजेच्या गाड्यांचे पॅड जास्त टिकतात, पण कमी वापरामुळे गंजून अडकूही शकतात.

बदलून घेताना

पॅड नेहमी डाव्या-उजव्या जोडीने बदलावेत, एकाच चाकाचे नव्हे. आपल्याच मॉडेलचे अस्सल पॅड घ्यावेत आणि जुने परत मागावेत. ते हातात घेतले की खरोखर झिजले होते का, हे कुणाच्याही शब्दाशिवाय कळते. जुन्या पॅडच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती फुंकू नये.

नवे पॅड बसल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबावे. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोराचा ब्रेक टाळावा, म्हणजे पॅड डिस्कवर नीट बसतात.

ब्रेक सहसा एका दिवसात दगा देत नाहीत. आधी कुईकुई करतात, मग खरखरतात. गाडी एकजण चालवत असला, तरी कान गाडीतल्या सगळ्यांना असतात. मागच्या सीटवरून कुणी “आवाज येतोय” म्हणाले, तर त्याला गप्प करू नका. काचा खाली घ्या आणि ऐका.