कारंज्याचं स्टेशन

दत्तभक्तांना कारंजा लाड ठाऊक असतं ते नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव म्हणून. कापूसवाल्यांच्या लेखी या गावाचा मान वेगळाच आहे. वऱ्हाड नावाला निजामाचा आणि कारभार इंग्रजांचा, अशा काळात हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने 1886 साली देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार इथे सुरू झाला. पण मुंबई-नागपूर रेल्वे गेली उत्तरेकडून, मूर्तिजापूरवरून. कारंज्याचा माल तिथवर बैलगाडीनेच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही पायपीट संपवली ती 'शकुंतला' या छोट्या गाडीने. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर हा सुमारे 190 किलोमीटरचा मार्ग सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा, म्हणजे मुंबईच्या किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीचा. रूळ अडीच फुटी. बांधायला स्वस्त, पण मूर्तिजापूरला प्रत्येक गाठ उतरवून मोठ्या गाडीत पुन्हा चढवायची. बैलगाडीशी स्पर्धा होती तोवर हे चालून गेलं. जिनिंगच्या दारातून थेट गिरणीच्या दारात जाणारा ट्रक आला आणि दुहेरी हमाली कुणाला परवडेना.

मालकीचा गुंता त्याहून वाईट. स्वातंत्र्यानंतर बाकीच्या रेल्वे सरकारजमा झाल्या, हा मार्ग कंपनीचाच राहिला. गाडी रेल्वेची, रूळ कंपनीचे. मग दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा? 1921 साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन 1994 च्या एप्रिलपर्यंत राबलं, याचं कौतुक फार होतं. मला त्यात कौतुकापेक्षा हेळसांड जास्त दिसते. 'रुळांचं भाडं अजून लंडनला जातं' ही गोष्टही चवीने सांगतात. किलिक निक्सन भारतीयांच्या हाती येऊन कितीतरी वर्षं झाली, हे मात्र कुणी सांगत नाही.

सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना, 2016 मध्ये, ब्रॉडगेजची घोषणा झाली. कारंज्यात मोठी गाडी आली नाहीच, होती ती छोटी गाडीही बंद पडली.

दरम्यान वर्धा-यवतमाळ-नांदेड हा नवा ब्रॉडगेज मार्ग होतो आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी सुरूही झाली. यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद यांची सोय त्याने होईल. कारंजा त्या वाटेवर नाही. म्हणून जुन्या मार्गाचं ब्रॉडगेज एकदम जमत नसेल, तर निदान मूर्तिजापूर-कारंजा हा तुकडा आधी हाती घ्यावा. मुंबई-नागपूर मार्गाला गाव जोडायला तेवढा पुरे.