परदेशातला पगार, घरचे शेत आणि दोन देशांचा कर

बालाघाट जिल्ह्याला सीमा नवी नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला कारभार नागपूरहून चालत होता. त्या दिवशी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. नाती मात्र तुटली नाहीत. आजही मुलगी गोंदियाला, मामा तुमसरला आणि धानाचे बांध लालबर्ऱ्याला, अशी कितीतरी घरे आहेत. शेताच्या कागदाला इकडे खसरा म्हणायचे आणि तिकडे सातबारा, हे आपल्या घरातले लहान मूलही जाणते. २०१७ साली जीएसटी येईपर्यंत विक्रीकराच्या नाक्यावर उभे राहणारे ट्रक आपण पाहिले आहेत. सीमा ओलांडली की कागद बदलतो, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

आता आपली मुले याहून मोठी सीमा ओलांडू लागली आहेत. कोणी दुबई-मस्कतला, कोणी जर्मनीला, कोणी अमेरिकेत. मुलगा विमानात बसेपर्यंत पासपोर्ट, व्हिसा, कपडे, लोणचे या सगळ्याची तयारी घरात होते. कराचा विषय मात्र कोणी काढत नाही. मग वर्षभराने बाबूजी विचारतात, "तो पैसे पाठवतो, त्यावर मला कर लागेल का?" मुलगा म्हणतो, "मी तर तिकडे कर भरतो, इकडे कशाला?" दोघांनाही पूर्ण उत्तर ठाऊक नसते. एकाच कमाईवर दोनदा कर बसू नये, अशी सोय कायद्यात बऱ्याच अंशी केलेली आहे. पण ती आपोआप मिळत नाही. आपण कोण आहोत, कुठे राहतो, हे वेळेवर सांगावे लागते. पैसा बुडतो तो बहुतेक न सांगितल्यामुळे.

दिवस मोजा

आपला आयकर कायदा नागरिकत्व पाहत नाही, भारतातले दिवस पाहतो. आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. नोकरीसाठी परदेशी जाणारा भारतीय नागरिक त्या वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला, तर तो त्या वर्षापुरता अनिवासी ठरतो. अनिवासी माणसाच्या परदेशातील पगारावर भारतात कर नाही. भारतातले भाडे, व्याज, घरविक्रीचा नफा यांवर मात्र आहे.

समजा, दोन भाऊ दुबईला गेले. एक जुलैत गेला, दुसरा डिसेंबरात. पहिला त्या वर्षी अनिवासी झाला. दुसऱ्याचे भारतातले दिवस १८२ च्या वर गेले, म्हणून तो वर्षभर निवासी राहिला आणि जानेवारी ते मार्चचा दुबईचा पगारही त्याच्या भारतातील उत्पन्नात धरला जातो. दुबईत पगारावर आयकर नसल्यामुळे तिकडे भरलेला कर दाखवून सूट मागण्याचीही सोय नाही. नोकरीवर रुजू होण्याची तारीख आपल्या हाती असेल, तर हा हिशेब आधीच मांडून पाहावा.

सुटीवर येणाऱ्यांनाही दिवस मोजावे लागतात. सर्वसाधारण मर्यादा १८२ दिवसांचीच. पण ज्यांचे भारतातील उत्पन्न १५ लाखांहून जास्त आहे, त्यांच्यासाठी २०२० च्या बदलानंतर १२० दिवसांपासूनच प्रश्न सुरू होतो. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पाने आखातातल्या मजुरांच्या पगारावरही कर बसणार, अशी भीती पसरली होती. तसा हेतू नाही, असा खुलासा सरकारने २ फेब्रुवारी २०२० रोजी केला. पुढे टाळेबंदीत कित्येकजण सुटीवर येऊन इथेच अडकले. तेव्हा २२ ते ३१ मार्च २०२० हे अडकलेले दिवस २०१९-२० च्या मोजणीतून वगळण्याचे परिपत्रक निघाले. एकेका दिवसाला किती किंमत आहे, हे त्यावरून कळावे. पासपोर्टवरचे शिक्के आणि विमानाची तिकिटे म्हणून जपून ठेवायची.

करार कशासाठी?

अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती अशा अनेक देशांशी भारताने दुहेरी कर टाळण्याचे करार केले आहेत. त्यांचा उपयोग दोन प्रकारे होतो. पहिला म्हणजे भारतातल्या काही उत्पन्नावर कराचा दर कमी होतो. अनिवासी माणसाच्या साध्या ठेवीवरील व्याजातून बँक ३० टक्के आणि वर उपकर कापते. करारानुसार अमिरातीत राहणाऱ्यासाठी हा दर साडेबारा टक्के, जर्मनीत राहणाऱ्यासाठी १० टक्के आणि अमेरिकेतल्यासाठी १५ टक्क्यांपर्यंत येतो. मात्र 'हा आमच्या देशाचा करनिवासी आहे' असे त्या देशाच्या कर खात्याचे प्रमाणपत्र लागते. ते दिले नाही तर बँक पूर्ण दराने कापते, आणि त्यात बँकेची चूक नसते.

दुसरा उपयोग जमेचा. एकाच उत्पन्नावर दोन्हीकडे कर लागत असेल, तर एकीकडे भरलेला दुसरीकडे वजा मिळतो. समजा, एका उत्पन्नावर भारतात २० रुपये कर बसला आणि राहत्या देशात ३०. तर तिकडे वरचे १० भरायचे. उलट, तिकडचा कर १० च असेल, तर इथले जास्तीचे १० कोणी परत देत नाही.

इथे आणखी एक घोळ होतो तो वर्षाचा. आपले वर्ष एप्रिलला सुरू होते, अमेरिकेचे जानेवारीला, ब्रिटनचे ६ एप्रिलला, ऑस्ट्रेलियाचे जुलैला. एकाच मुदत ठेवीचे व्याज दोन देशांत दोन वेगळ्या वर्षांत मोडते. म्हणून नुसता वार्षिक आकडा ठेवून भागत नाही, महिनावार उतारे ठेवावे लागतात.

कोणते खाते?

गावातल्या बँकेत कॉलेजच्या काळात उघडलेले साधे बचत खाते परदेशी गेल्यावर तसेच चालू ठेवता येत नाही. ते एनआरओ खात्यात बदलून घ्यावे लागते. शेताचे, भाड्याचे, इथल्या व्याजाचे पैसे त्यात येतात आणि त्याच्या व्याजावर कर कापला जातो. परदेशातली कमाई ठेवायची असेल तर एनआरई खाते उघडावे. अनिवासी असेपर्यंत त्याचे व्याज भारतात करमुक्त असते आणि पैसे परत बाहेर नेण्यास आडकाठी नाही. दोन्ही पैसे एकाच खात्यात मिसळले, की पुढे कोणता कुठला हे सिद्ध करणे कठीण जाते.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही असे आपण ऐकतो, पण ती सवलत निवासी माणसासाठी आहे. अनिवाशाला फक्त पहिले ४ लाख मोकळे. त्यावर भारतातले उत्पन्न गेले, की रिटर्न भरावेच लागते.

घरी पाठवलेला पैसा

आता बाबूजींच्या प्रश्नाचे उत्तर. मुलाने आई-वडिलांना पाठवलेल्या पैशावर आई-वडिलांना कर लागत नाही, रक्कम कितीही असो. कायद्याने ती नातलगाची भेट आहे. तो पैसा त्यांनी मुदत ठेवीत टाकला, तर मिळणारे व्याज त्यांचे उत्पन्न ठरते. पत्नीच्या बाबतीत नियम वेगळा आहे. नवऱ्याने पाठवलेला पैसा पत्नीने गुंतवला, तर त्याचे उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात धरले जाते. म्हणून सुनेच्या नावाने ठेव करण्यापूर्वी विचारून घ्यावे.

अमेरिकेतून रोख रकमेने किंवा मनी ऑर्डरने पाठवलेल्या पैशावर १ जानेवारी २०२६ पासून तिकडे १ टक्का कर बसतो. बँक खात्यातून पाठवल्यास तो लागत नाही.

अमेरिकेत करनिवासी झालेल्या मुलांना आणखी एक बाब पाळावी लागते. तिकडच्या सर्व परदेशी खात्यांची मिळून शिल्लक वर्षात केव्हाही १० हजार डॉलरवर गेली, तर त्यांची माहिती सरकारला द्यावी लागते. बाबूजींच्या खात्यावर सोयीसाठी मुलाचे नाव लावले असेल, तर तेही मोजले जाते. हा कर नव्हे, माहिती आहे. पण न दिल्यास दंड जबर आहे.

शेत आणि घर

अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली मात्र ठेवता येते आणि भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला विकता येते. भारतातल्या शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, मग शेतात चिन्नोर पिकत असो की साधे धान. गावातली शेतजमीन विकल्यासही, ती पालिकेच्या हद्दीपासून ठराविक अंतराबाहेर असेल, तर नफ्यावर कर नाही. बालाघाटसारख्या एक लाखाखालच्या पालिकेसाठी हे अंतर २ किलोमीटर धरतात.

घराचे तसे नाही. विकणारा अनिवासी असेल तर घेणाऱ्याला कर कापूनच पैसे द्यावे लागतात. दोन वर्षांहून जुन्या घराच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के दर आहे. महागाईचा हिशेब धरून २० टक्क्यांनी कर भरण्याचा पर्याय जुन्या घरांसाठी निवासी लोकांना ठेवला, अनिवाशांना नाही. व्यवहारात घेणारा पूर्ण किमतीवर कापू पाहतो, कारण कमी कापल्यास जबाबदारी त्याच्यावर येते. उपाय असा की सौद्याआधी आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला घ्यावा. बहिणीच्या लग्नासाठी घर विकायला काढले आणि लाखो रुपये परताव्यासाठी वर्षभर अडकले, अशी वेळ कोणावर येऊ नये.

परत आल्यावर

कायमचे परतणाऱ्यालाही कायदा उसंत देतो. जो आधीच्या १० वर्षांपैकी ९ वर्षे अनिवासी होता, किंवा आधीच्या ७ वर्षांत भारतात एकूण ७२९ दिवस वा त्याहून कमी राहिला, त्याच्या परदेशातील व्याज-भाड्यावर परतल्यानंतरची दोन-तीन वर्षे भारतात सहसा कर लागत नाही. ही मुदत संपली की परदेशातली खाती रिटर्नमध्ये दाखवावीच लागतात. ती लपत नाहीत. अनेक देशांची कर खाती आता एकमेकांना माहिती पाठवतात, आणि अमेरिकेशी भारताचा तसा करार २०१५ सालीच झाला आहे.

घरात एक वही

१९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी संसदेने २०२५ चा नवा कायदा आणला आणि तो १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे. कलमांचे आकडे बदलले, वरची तत्त्वे तीच राहिली. म्हणून जुन्या फॉर्मचे क्रमांक पाठ करण्यापेक्षा परदेशी व्यवहार जाणणाऱ्या सीएकडे वर्षातून एकदा जावे. जाताना एक वही सोबत असू द्यावी. तिच्यात येण्या-जाण्याच्या तारखा, दोन्ही देशांतली खाती, पाठवलेल्या रकमा, कापलेला कर आणि जमिनीच्या कागदांची नोंद असावी. तिची एक प्रत मुलाकडे, एक घरी.

वडीलधाऱ्यांनी मुलाला पगार विचारायला संकोचू नये आणि मुलानेही घरचे लोक हिशेब मागतात म्हणून रागावू नये. धान मोजताना आपण दाणा-दाणा पाहतो. मग परदेशात एकट्याने राहून, सण चुकवून कमावलेल्या पैशाचा हिशेबही घरातल्या सगळ्यांनी मिळून ठेवायला काय हरकत आहे?